वादळानंतरचें छप्पर

वेरूळच्या दहाव्या लेण्यांत शिरल्याबरोबर पाहणाऱ्याची दृष्टि सहजच वर जाते. डोक्यावर अखंड खडक आहे. पण त्या खडकाला कारागिरांनीं लाकडी छताचें रूप दिलें आहे. कमानदार वासे एकामागून एक ओळीनें कोरलेले असून सगळ्या छताचा भार तेच पेलीत आहेत असा भास होतो. वास्तविक या वाशांना पेलावयास कांहींच नाहीं. ते तासून काढले तरी खडक जागचा हलणार नाहीं. सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं हें लेणें खोदणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडाचीं छपरें होतीं, आणि लाकडाचें आयुष्य किती असतें हेंहि ते जाणून असले पाहिजेत. लोक या लेण्याला पिढ्यान् पिढ्या 'सुतार का झोपडा' म्हणत आले आहेत. या एका झोपड्याचें छप्पर कधीं शाकारावें लागलें नाहीं, आणि त्याच्या नुकसानीबद्दल कोणाकडे अर्ज घेऊन जाण्याचा प्रसंगहि कोणावर आला नाहीं.

लेण्यापासून कांहीं कोसांवर मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. तीच पुढें औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखली जाते. या शहरांतील व आसपासच्या खेड्यांतील घरांना मात्र खडकाचें भाग्य लाभलें नाहीं. चैत्र-वैशाखांत दिवसभर ऊन तापावें, तिसऱ्या प्रहरीं क्षितिजावर ढग जमावे, धुळीचा लोट उठावा, आणि पाहतां पाहतां वळवाच्या वाऱ्यानें छप्पर उचलून शेजारच्या वावरांत नेऊन टाकावें, हा येथला दरवर्षींचा अनुभव आहे. वादळ अर्ध्या तासांत सरतें. त्यानंतर जो प्रश्न उभा राहतो तो मात्र महिनोन् महिने, प्रसंगीं वर्षानुवर्षें पुरतो. तो प्रश्न असा कीं, छप्पर वादळानें मोडलें, कीं तें मोडावयास आलेलेंच होतें आणि वादळ केवळ निमित्त झालें? भरपाई देणारा कोणीहि असो, राजा असो, सरकार असो वा विमा कंपनी असो, त्याचा माणूस शिडी लावून वर चढतो तो या एकाच प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं.

हा प्रश्न जुन्या मराठवाड्यांत जवळजवळ उद्भवतच नसे, आणि त्याचें कारण तेथील छपरांत होतें. कोंकणांतील कौलारू छप्पर उतरतें असतें; पाऊस तें अंगावरून झटकून टाकतें. मराठवाड्यांतील माळवद सपाट असतें. पाऊस तें अंगावर घेतें आणि सावकाश पन्हळींवाटे सोडून देतें. येथें पाऊस बेताचा आणि ऊन कडक, तेव्हां पाण्यापेक्षां उन्हाची चिंता अधिक. घर मोजावयाचें तें खणांनीं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा दाट थर, त्यावर पाला आणि चिपाडें, व सर्वांवर माती. ही माती शेतांतली काळी नव्हे. काळी माती भिजली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते; छपरावर ती शत्रूसारखी वागते. माळवदासाठीं लागे ती पांढरीची माती, म्हणजे जेथें माणसांनीं पिढ्यान् पिढ्या वस्ती केली त्या जुन्या गांवठाणाची. गांवाची वस्ती ती पांढरी आणि शेत ती काळी, हा आपल्या भाषेंतला जुना भेद छपरावरहि पाळला जाई. उजेड यावा व धूर जावा म्हणून मध्यें एखादें सवणें ठेवीत. उन्हाळ्यांत रात्रीं सगळें घर माळवदावर निजावयास जाई, आणि दिवसां तेथेंच पापड-कुरडया वाळत.

अशा छपराची पाहणी वादळानंतर नव्हे, तर पावसाळ्याच्या आधीं होत असे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं घरांतील जाणता पुरुष वर चढून सगळें माळवद पायांखालीं घाली. उंदीर-घुशींनीं कोठें बिळें केलीं, गेल्या वर्षींचें गवत कोठें मूळ धरून राहिलें, पन्हळीचें तोंड कोठें बुजलें, पाणी साचून कोठें खोलगट झालें, हें तो पायानेंच ओळखी. नंतर खालीं येऊन कड्यांचीं भिंतींत गेलेलीं टोंकें काठीनें ठोकून पाही. लाकूड निरोगी असलें कीं आवाज खणखणीत येतो; आंतून वाळवीनें खाल्लेलें असलें कीं तोच आवाज भरड येतो. जेथें शंका तेथें सुताराला बोलावणें जाई. तो बलुतेदार, त्याची मजुरी खळ्यावर धान्यांत चुकती व्हावयाची. मग गाढवांवरून नवी माती येई, ती पसरून चोपली जाई, आणि घर वर्षापुरतें निश्चिंत होई. या पाहणीला कागद नव्हता, सही नव्हती, शिक्का नव्हता. जो पाहणारा तोच राहणारा असल्यामुळें खोटें बोलण्यांत कोणाचाच लाभ नव्हता, आणि आजच्या सर्व पाहण्यांहून ती जर कशांत श्रेष्ठ असेल तर ती यांतच होती.

'पाहणी' हा शब्द सरकारदरबारीं प्रतिष्ठा पावला तो शेतासंबंधानें. मलिक अंबराच्या जमाबंदीचा मोठा लौकिक आहे. जमीन प्रत्यक्ष पाहून, तिचा कस जोखून सारा ठरविण्याची ती पद्धति होती. मराठी राज्यांतहि पाहणी करणारे कारकून शिवारांत हिंडत आणि पीक बुडालें असेल तर साऱ्यांत सूट मिळे. परंतु ही सगळी दृष्टि पिकाकडे होती. पिकांत सरकारचा वाटा होता, छपरांत नव्हता. आणि ज्यांत आपला वाटा नाहीं त्याची पाहणी करण्याची तसदी कोणतेंहि सरकार सहसा घेत नाहीं.

येथें एक गोष्ट आश्चर्याची वाटेल. विमा ही कल्पना आपल्या देशाला मुळींच अपरिचित नव्हती. फारसींत 'बीम' म्हणजे भय. त्याच्याशीं विमा या शब्दाचें नातें जोडलें जातें. आपल्याकडील सराफी व्यवहारांत जोखमी हुंडी नांवाचा एक प्रकार होता. माल ठरल्या ठिकाणीं सुखरूप पोंचला तरच हुंडीचे पैसे द्यावयाचे. वाटेंत माल बुडाला तर हुंडीहि बुडाली. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदावर. समुद्रावरच्या आणि रस्त्यावरच्या मालाचें भय असें पैशांत मोजलें जात असतां घराच्या छपराचें भय मात्र कोणीं मोजलें नाहीं. माल एकट्या व्यापाऱ्याचा असतो आणि तो अनोळखी मुलखांतून जातो. छप्पर जागचें हलत नाहीं, आणि तें पडलें तर दुसऱ्या दिवशीं भाऊबंद व शेजारी हातभार लावण्यास येतात. जेथें शेजार जिवंत आहे तेथें विम्याला गिऱ्हाईक मिळणें अवघड.

शेजाराची शक्ति संपते ती सगळ्यांचींच घरें एकदम गेलीं म्हणजे. १६६६ सालीं लंडन शहर आगींत जळालें तेव्हां हेंच घडलें. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनीं निकोलस बार्बन नांवाच्या गृहस्थानें घरांचे आगीचे विमे उतरविण्याचें दुकान थाटलें. विमा उतरलेलें घर ओळखूं यावें म्हणून तेथील कंपन्या भिंतीवर आपल्या चिन्हाचा धातूचा पत्रा ठोकीत. ही विद्या इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. १८५० सालीं कलकत्त्यास ट्रायटन कंपनी निघाली. १९०७ सालीं मुंबईंत इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ सालीं सर दोराबजी टाटा यांची न्यू इंडिया निघाली. या कंपन्यांचें लक्ष गोदामें, गिरण्या, गोद्या यांकडे होतें. निजामाच्या राज्यांतील औरंगाबादच्या माळवदाकडे त्यांचें लक्ष जाण्याचें कारण नव्हतें, आणि माळवदाखालीं निजणाऱ्यांनाहि त्यांची आठवण होण्याचें कारण नव्हतें.

हें शहर १९४८ मध्यें निजामी राजवटींतून मुक्त झालें, १९५६ मध्यें द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलें. त्यानंतर चिकलठाण्यास व पुढें वाळूजेस औद्योगिक वसाहती झाल्या, आणि मैलच्या मैल पत्र्याचीं छपरें उभीं राहिलीं. कारखान्याला कर्ज देणारी बँक आधीं विमापत्र मागते. म्हणून या शहरांत छपराचा विमा शिरला तो प्रथम कारखान्याच्या दारानें. मधल्या काळांत, १९७२ च्या कायद्यानें, १०७ विमा कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण होऊन १९७३ च्या आरंभीं त्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या.

मग १९९३ सालच्या ३० सप्टेंबरची पहाट उजाडली. किल्लारीच्या भूकंपांत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें झोंपेंत गाडलीं गेलीं. हजारों माणसें मेलीं. त्यांतील पुष्कळजण भूकंपानें मेलीं असें म्हणण्यापेक्षां स्वतःच्या भिंतींखालीं आणि माळवदाखालीं मेलीं असें म्हणणें अधिक खरें होईल. दरवर्षीं मृगापूर्वीं जो नवा थर चढे, त्याबरोबर जुना थर कोणी काढीत नसे. बापानें टाकलेल्या मातीवर मुलानें माती टाकावी, असें पिढ्यान् पिढ्या चालून कित्येक घरांवर मातीचा थर दीड-दोन फुटांचा झाला होता. अर्धा मीटर मातीचा थर धरला तरी दर चौरस मीटरला आठशें किलोच्या आसपास वजन भरतें. ज्या पाहणीनें घराला पावसापासून राखलें तिनेंच त्याच्या डोक्यावर हा भार रचीत नेला. वर चढणारा जाणता पुरुष गळती शोधीत होता. वजन शोधावें असें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें. त्यांतल्या त्यांत ज्या घरांत मजबूत खांब-तुळयांचा सांगाडा भिंतींपासून स्वतंत्र उभा होता, तेथें दगडमातीच्या भिंती ढासळूनहि छप्पर कित्येकदां अधांतरीं टिकून राहिलें आणि माणसें वांचलीं. जुन्या सुतारांच्या 'खणा'चें याहून मोठें प्रमाणपत्र नाहीं.

किल्लारीनंतर माळवदाची लोकांनीं धास्ती घेतली. ऐपत होती त्यांनीं सिमेंटचा स्लॅब घातला. नव्हती त्यांनीं पत्रा चढविला. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला चार-पांच किलोच भरतो. अंगावर पडला तरी माणूस सहसा मरत नाहीं. परंतु भूकंपाच्या भयांतून सुटलेलें हें छप्पर वाऱ्याच्या तावडींत सांपडलें. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचें जें भारतीय मानक आहे, त्यांत या शहरासाठीं सेकंदास ३९ मीटर, म्हणजे तासास सुमारें १४० किलोमीटर, हा मूळ वेग धरला आहे. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला नव्वद किलोच्या घरांत जातो. वारा छपराला केवळ ढकलीत नाहीं; वळचणीला आणि कोपऱ्यांना तो वरच्या बाजूनें ओढतो. चार-पांच किलोच्या पत्र्याला त्या ओढीपुढें धरून ठेवणारी वस्तु एकच, ती म्हणजे त्याचा आंकडा आणि त्यावरची चकती. खेड्यांत आंकड्यांच्या जागीं पुष्कळदां पत्र्यावर दगड ठेवलेले दिसतात. माळवदाच्या वजनाची ही जणूं शेवटची आठवणच. साधा वारा ते दगड थोपवितात. वादळांत मात्र पत्र्याबरोबर तेहि उडतात, आणि पत्र्यापेक्षां दगडाची जखम वाईट.

पत्रा उडाल्यावर पाहणी येते. आज ती दोन दारांनीं येते, आणि दोहोंची रीत निराळी आहे.

पहिली विमा कंपनीची. १९३८ च्या विमा कायद्यांत १९६८ सालीं दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं, वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा दावा परवानाधारक सर्वेक्षकाच्या अहवालावांचून चुकता करूं नये. २०१५ नंतर ही मर्यादा नियमांनीं ठरूं लागली. सर्वेक्षक हा कंपनीचा नोकर नसतो; पण त्याची फी कंपनी देते. या अवघड जागीं उभें राहून त्यानें निःपक्षपाती असावें अशी अपेक्षा आहे. चांगला सर्वेक्षक छपरावर चढला म्हणजे आधीं उडालेला पत्रा पाहत नाहीं, उरलेला पाहतो. आंकड्याच्या भोंवतीं पत्रा फाटला असेल तर फाटलेली कड चकाकते कीं गंजलेली आहे? चकाकत असेल तर घाव ताजा. गंज आंतपर्यंत गेला असेल तर तें भोंक दोन पावसाळे आधींचें. वासा मोडला असेल तर मोडलेल्या जागीं लाकूड पांढरें आहे कीं काळवंडून भुसभुशीत झालें आहे? काठीनें कडी ठोकणाऱ्या त्या जुन्या गृहस्थाचीच ही विद्या आहे; अंतर इतकेंच कीं तो वादळाच्या आधीं ठोकी आणि हा नंतर ठोकतो. झिजेनें झालेलें नुकसान विमापत्रांत बसत नाहीं. वादळानें झालेलें बसतें. या दोहोंमधली रेघ छपरावर कोणीं आंखलेली नसते. ती अहवालांत आंखली जाते.

वादळ झालें याचाहि पुरावा लागतो. त्यासाठीं वेधशाळेच्या नोंदी पाहण्याचा प्रघात आहे. परंतु वळवाचा झोत कित्येकदां एका शिवारापुरता असतो. वाळूजेकडे पत्रे उडत असतां चिकलठाण्याच्या वेधशाळेंतील वायुमापक संथ फिरत राहणें अशक्य नाहीं. अशा वेळीं शेजारचें उन्मळलेलें झाड हा वेधशाळेहून चांगला साक्षीदार ठरतो. सर्वेक्षकाचा शब्द अखेरचा नव्हे हेंहि येथें सांगितलें पाहिजे. त्याचा अहवाल हा दावा ठरविण्याचा पाया असला तरी तो अनुल्लंघनीय नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ च्या एका निकालांत स्पष्ट केलें आहे.

आणखी एक खांच फार दिवस लोकांना छळीत होती. दहा लाखांचें घर हप्ता वांचविण्यासाठीं पांच लाखांस विमविलें, आणि वादळानें एक लाखाचें नुकसान केलें. घरमालकाला वाटे, एक लाख मिळेल. हातीं येत पन्नास हजार. कारण निम्म्या घराचा विमा मालकानें स्वतःच्याच अंगावर ठेवला होता असें धरलें जाई. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठीं जें 'भारत गृह रक्षा' विमापत्र लागू झालें, त्यांत ही कपात काढून टाकली आहे. पण गवत, बांबू, फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती वा छपरें असलेलीं घरें त्यांतहि 'कच्चीं' म्हणून वेगळीं काढलेलीं आहेत. वादळ ज्यांना प्रथम गांठतें तीं घरें विम्याच्या दारांत शेवटीं उभीं राहतात.

त्यांच्यासाठीं दुसरें दार आहे, पंचनाम्याचें. तलाठी आणि ग्रामसेवक येतात, पंच जमतात, कागद होतो आणि तो तहसिलींत जातो. येथें हप्ता नाहीं, करार नाहीं. जी मिळते ती मदत, भरपाई नव्हे. २०२२-२३ पासूनच्या चार वर्षांसाठीं केंद्र सरकारनें आपत्तिनिवारणाचे जे दर ठरविले, त्यांत पूर्ण पडलेल्या घरास सपाट प्रदेशांत १ लाख २० हजार रुपये आहेत. अंशतः पडझडीस पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. पण ती पडझड निदान पंधरा टक्के असली पाहिजे. हा पंधरा टक्क्यांचा आंकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. दहा पत्र्यांच्या घराचा एक पत्रा गेला तर छपराचे दहा टक्के गेले. घराचे किती गेले? आणि त्या एका पत्र्याखालीं वर्षाची ज्वारी असेल तर? घरांत शिरणारें पाणी टक्केवारी पाळीत नाहीं.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र या दोन्हीं पाहण्यांच्या आधींचा आहे. रात्रीं छप्पर गेलें, सकाळीं पुन्हां आभाळ भरून आलें. घरांत म्हातारी आहे, लहान मूल आहे, धान्याचीं पोतीं आहेत. छप्पर झांकावें तर नुकसान पुसलें जाईल आणि येणारा म्हणेल, 'येथें कांहींच झालेलें दिसत नाहीं.' उघडें ठेवावें तर उरलेलें भिजून जाईल. विमापत्राची अट अशी कीं, विमा नसता तर मालक जी काळजी घेता तीच त्यानें घ्यावी; वाढूं देतां येण्याजोगें नुकसान वाढूं दिलें तर तें कंपनीच्या माथीं मारतां येत नाहीं. म्हणून कायद्यानें आणि शहाणपणानें झांकणेंच योग्य. आधीं छायाचित्रें घ्यावीं, तुटलेले तुकडे टाकूं नयेत, वर्दी त्याच दिवशीं द्यावी. पंचनाम्याच्या वाटेवर असलेल्या माणसाला ही अट कोणीं वाचून दाखविलेली नसते. तो ताडपत्री हातांत घेऊन अंगणांत उभा असतो, एकदां आभाळाकडे पाहतो आणि एकदां गांवाकडून येणाऱ्या रस्त्याकडे.